पोटाची तटबंदी

दिवाळीच्या फराळाचे गुणगान करणारे लेखन आपल्याकडे काही कमी झालेले नाही. पण तो सारा फराळ आपण ज्याच्या हवाली करतो, त्या जठरावर चार शब्द लिहावेत असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. दोन चकल्या झाल्या, मूठभर शेव झाली, वर बेसनाचा लाडू झाला, आणि वहिनींनी आग्रह केला म्हणून अनारसाही झाला, की आपले काम संपते. त्या बिचाऱ्याचे तेव्हा कुठे सुरू होते. आणि रात्री त्याने जराशी कुरकुर केलीच, तर आपण 'पित्त झाले' असे म्हणून कपाटातला डबा काढतो, त्यातली एखादी गोळी तोंडात टाकतो आणि कूस बदलून झोपी जातो.

त्या डब्यातल्या गोळ्यांचा इतिहास मला आज सांगायचा आहे. मी डॉक्टर नव्हे. जुन्या शोधांच्या हकिकती वाचण्याचा नाद असलेला एक साधा वाचक आहे. परंतु या गोळ्यांपैकी एकीची कथा माझ्या वाचनात आली, तेव्हापासून मला असे वाटू लागले की ती प्रत्येक घरात एकदा तरी वाचली जावी. पोटाला व्रण पडू नये म्हणून निघालेली ही गोळी एका माणसाचे रक्षण करते, आणि त्याच घरातल्या दुसऱ्या माणसाचा घात करू शकते. तिचे नाव मिसोप्रोस्टॉल. पण तिच्यापाशी पोहोचायचे तर थोडे मागून यावे लागेल.

फार जुना प्रश्न असा होता की, जठर मांस पचविते, हाडाभोवतालच्या कुर्चाही विरघळवून टाकते. मग ते स्वतःलाच का पचवून टाकीत नाही? शेवटी तेही मांसाचेच. या प्रश्नाकडे माणसाला प्रथम डोळ्यांनी पाहायला मिळाले ते एका अपघातामुळे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेच्या उत्तरेकडील मॅकिनॅक नावाच्या बेटावर, लोकरी कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीच्या दुकानात एक बंदूक चुकून उडाली. समोरच ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाचा तरुण कॅनडियन नोकर उभा होता. त्याच्या डाव्या बरगड्यांखाली मोठे भगदाड पडले. जवळच्या किल्ल्यावरचे लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट धावून आले. हा पोरगा रात्र काढणार नाही असेच त्यांना वाटले होते. पण तो जगला. जखम भरली, मात्र पोटाला पडलेले भोक काही बुजले नाही. बाहेरून बोटाने पडदा सारला की आतले जठर दिसावे, अशी ती एक खिडकीच होऊन बसली.

बोमाँट यांनी १८२५ पासून या खिडकीतून प्रयोग सुरू केले. रेशमी दोऱ्याला मांसाचा तुकडा, शिळा पाव, कच्चा कोबी असे जिन्नस बांधून ते आत सोडायचे आणि तासातासाने ओढून पाहायचे. माणूस रागावला की पोटात काय होते, तेही त्यांनी पाहून ठेवले. १८३३ साली त्यांनी आपले पुस्तक छापले. त्यात दोनशेहून अधिक प्रयोगांची नोंद आहे. त्यातले एक निरीक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते. सेंट मार्टिनने काही दिवस दारूचा अतिरेक केला, की त्याच्या जठराचे अस्तर लालभडक होई, त्यावर ठिकठिकाणी चट्टे उमटत; आणि गंमत अशी की, त्या माणसाला स्वतःला दुखण्याची काहीच तक्रार नसे! पोट आतून सोलवटते आणि मालकाला पत्ता लागत नाही, ही गोष्ट वैद्यकाला तेव्हा प्रथम डोळ्यांनी दिसली. वाचकांनी ती ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

बोमाँट खिडकीतून पाहण्यापूर्वीच, १८२३ च्या अखेरीस, लंडनमध्ये विल्यम प्राउट या डॉक्टरांनी जठरातले आम्ल कोणते ते सिद्ध केले होते. ते निघाले हायड्रोक्लोरिक आम्ल. म्हणजे सोनाराच्या आणि रसायनाच्या कारखान्यात बाटल्यांतून जपून ठेवतात तेच. असे दाहक द्रव्य रोज आपल्या पोटात पाझरते, तरी ते सुखरूप राहते, याचे कारण निसर्गाने त्याला भक्कम तटबंदी घालून दिली आहे. अस्तरावर चिकट बुळबुळीत श्लेष्म्याचा थर असतो. त्या थरात अस्तरातूनच खाण्याच्या सोड्यासारखा क्षार झिरपत असतो, तो आम्लाला अस्तराशीच निष्प्रभ करतो. खाली रक्ताचा पुरवठा चोख असतो, आणि अस्तरातल्या झिजलेल्या पेशी थोड्याथोडक्या दिवसांत बदलून त्यांच्या जागी नव्या येतात. जोवर तट शाबूत, तोवर आतले आम्ल चाकरी करते. तटाला खिंडार पडले, की तेच आम्ल त्या जागी मांस कुरतडू लागते. यालाच आपण अल्सर म्हणतो, आणि मराठीत जठरव्रण.

किल्ला वाचविण्याचे दोन मार्ग असतात. एक, शत्रूचे बळ कमी करणे. दुसरा, तटाची डागडुजी करणे. वैद्यकाने आधी पहिला मार्ग धरला. १९१० साली झाग्रेब शहरातले शल्यवैद्य कार्ल श्वार्त्झ यांनी सूत्रच सांगितले की, आम्ल नाही तिथे व्रण नाही. त्यानंतर पाच वर्षांनी, १९१५ मध्ये, शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिपी यांनी आपली उपचारपद्धती जाहीर केली. रोग्याने अंथरुणावर पडून दर तासाला दूध आणि साय प्यायची, आणि मधल्या वेळात सोड्याच्या व इतर क्षारांच्या पुड्या घ्यायच्या. दूध म्हणजे निरुपद्रवी, सात्त्विक वस्तू. त्याने कुणाचे काय बिघडणार? पुढची कित्येक वर्षे जगभर हजारो रोगी असे दूध पीत राहिले. पण १९२३ पासूनच काही डॉक्टरांच्या ध्यानात येऊ लागले की, या रोग्यांतल्या काहींना मळमळ, डोकेदुखी आणि भ्रम होतो, आणि त्यांच्या मूत्रपिंडांना इजा पोहोचते. दुधातले कॅल्शियम आणि पुड्यांतला क्षार यांचा मिळून रक्तात अतिरेक होत होता. पोट राखता राखता मूत्रपिंड गमावण्याची वेळ आली.

दुसऱ्या मार्गाची, म्हणजे तटाच्या डागडुजीची, पहिली मोठी कथा आपल्या घरच्याच एका वनस्पतीची आहे. ज्येष्ठमध आपल्याला नवा नाही. तान्ह्या मुलाच्या गुटीत तो उगाळतात, घसा बसला की त्याची काडी चघळतात, आणि आम्लपित्तावर दुधातून त्याचे चूर्ण देण्याची रीतही जुनी आहे. हॉलंडमधील रेव्हर्स नावाच्या डॉक्टरांनी १९४६ साली असे लिहिले की, ज्येष्ठमधाच्या अर्काने जठरव्रणाच्या रोग्यांना चांगला गुण येतो. मात्र त्यांनी प्रामाणिकपणे हेही नोंदविले की, त्यातल्या काही रोग्यांच्या अंगावर सूज येते. त्याच मुळीतल्या द्रव्यापासून पुढे इंग्लंडमध्ये कार्बेनोक्सोलोन नावाचे औषध करण्यात आले. सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून देणारे रिचर्ड डॉल यांनीच १९६२ साली त्याची रीतसर कसोटी घेतली, आणि जठरव्रण त्याने लवकर भरतो असे दिसून आले. परंतु शरीरात मीठ आणि पाणी साठणे, रक्तदाब चढणे, पोटॅशियम घटणे हे ज्येष्ठमधाचे मूळचे दोष या औषधातही उतरले, आणि अधिक निर्धोक औषधे आल्यावर ते मागे पडले. झाडपाल्याचे औषध अपाय करीत नाही असे आपण सहज म्हणून जातो. रक्तदाबाच्या माणसाने महिनोन्‌महिने ज्येष्ठमध घेऊ नये, एवढे तरी या हकिकतीवरून शिकायला हरकत नाही.

आता कथेत खलनायक येतो, आणि खलनायक म्हणावे तर तोही आपला जिवाभावाचा मित्रच आहे. १८९९ साली जर्मनीतल्या बायर कंपनीने ॲस्पिरिन बाजारात आणले. ताप, डोकेदुखी, सांधेदुखी या सगळ्यांवर ही पांढरी चपटी गोळी इतकी गुणकारी ठरली की, जगात तिच्याविना एक घर राहिले नाही. चार दशकांनी, १९३८ मध्ये, लंडनच्या डाउथवेट आणि लिंटॉट या दोन डॉक्टरांनी नळीवाटे जठरात डोकावून पाहिले. ॲस्पिरिन घेतलेल्या पुष्कळ रोग्यांचे अस्तर त्यांना लाल, सुजलेले दिसले. काहींच्या अस्तरातून रक्तही येत होते. बोमाँट यांना दारूने जे चट्टे दिसले होते, त्यांचीच ही भावंडे. आणि पूर्वीप्रमाणेच यातल्या अनेकांना पोटात काहीच जाणवत नव्हते.

ॲस्पिरिन पोटाला का झोंबते, याचे समाधानकारक उत्तर मिळायला १९७१ साल उजाडावे लागले. शरीरातल्या बहुतेक पेशी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये अगदी सूक्ष्म प्रमाणात तयार करतात. हे नाव स्वीडनच्या उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३५ साली दिले होते. हे द्रव्य पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीतून येते असा त्यांचा तेव्हा समज होता, म्हणून हे नाव पडले आणि तेच रूढ झाले. इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की, ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची इतर वेदनाशामके ही द्रव्ये तयारच होऊ देत नाहीत. सांध्यातले प्रोस्टाग्लँडिन थांबले की दुखणे आणि सूज उतरते. पण त्याच वेळी जठरातलेही थांबते. आणि जठरात तर तटबंदीचा सारा कारभार त्याच्याच हाती! श्लेष्मा झिरपविणारे तेच, क्षार सोडणारे तेच, अस्तराला रक्त पोहोचविणारेही तेच. म्हणजे गुडघ्यासाठी घेतलेल्या गोळीने पोटाच्या तटावरचे पहारेकरीच उठवून लावले होते. या शोधाबद्दल १९८२ साली व्हेन यांना, स्वीडनच्या बर्गस्ट्रोम आणि सॅम्युएलसन यांच्यासह, नोबेल पारितोषिक मिळाले.

पहारेकरी उठले असतील तर बाहेरून दुसरे आणून बसवावेत, हा विचार यानंतर सुचणे साहजिक होते. अमेरिकेत कॅलामाझू येथील अपजॉन कंपनीचे संशोधक आंद्रे रॉबर्ट यांनी १९७९ मध्ये एक चकित करणारा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना आधी अगदी थोडे प्रोस्टाग्लँडिन दिले, आणि मग त्यांच्या पोटात शुद्ध अल्कोहोल, जालीम आम्ल, जालीम क्षार, इतकेच काय, उकळते पाणी सोडले. एरवी ज्याने अस्तराच्या चिंध्या व्हायच्या, त्याने या उंदरांच्या पोटात फारसे काही झाले नाही. आम्ल कमी न करताही पोट वाचविता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले.

अडचण एवढीच होती की, निसर्गातले प्रोस्टाग्लँडिन तोंडाने घेतले तर शरीर त्याचा पाहता पाहता फडशा पाडते. शिकागोजवळच्या सर्ल कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७३ सालीच या अडचणीवर तोड निघाली होती. प्रोस्टाग्लँडिनच्या रेणूतला एक लहानसा घटक रसायनज्ञांनी त्याच्या जागेवरून उचलून शेजारच्या जागी बसविला, आणि तयार झालेले द्रव्य तोंडाने घेतले तरी टिकू लागले. तेच मिसोप्रोस्टॉल. १९८८ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या सरकारने त्याला परवानगी दिली, ती एका निश्चित कामासाठी : ज्या रोग्यांना सांधेदुखीसारख्या कारणाने ॲस्पिरिनच्या जातीची वेदनाशामके घेत राहावेच लागते, आणि ज्यांना जठरव्रणाचा धोका अधिक आहे, त्यांचे पोट राखण्यासाठी.

ते काम त्याने किती बजावले? १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या कसोटीत संधिवाताचे ८,८४३ रोगी होते. सहा महिन्यांत पोटाला भोक पडणे, रक्तस्राव होणे अशी गंभीर संकटे, नुसती पोकळ गोळी घेणाऱ्या गटात ४२ जणांवर आली, आणि मिसोप्रोस्टॉल घेणाऱ्या गटात २५ जणांवर. म्हणजे संकटे चाळीस टक्क्यांनी कमी झाली. हा आकडा मोठा आहे. पण मला इतिहासाने एक सवय लावली आहे, ती म्हणजे अशा आकड्याची दुसरी बाजूही पाहायची. चार हजारांवर माणसांनी रोज औषध घेतले तेव्हा सतराएक जण वाचले. आणि जुलाब व पोटातल्या कळा यांनी हैराण होऊन औषध सोडून देणारेही त्या गटातच अधिक निघाले. तेव्हा हे औषध ज्यांचा धोका खरोखर मोठा त्यांच्यासाठी, येऱ्यागबाळ्याच्या आंबट ढेकरांसाठी नव्हे.

ते घेण्याची रीतही या दोषांवरूनच ठरली. गोळी जेवणाबरोबर घ्यायची आणि दिवसातली शेवटची निजताना, म्हणजे जुलाबाचा त्रास कमी होतो. मॅग्नेशियम असलेली आम्लनाशके सोबत घ्यायची नाहीत, कारण तीही पोट ढिले करतात. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. जुलाब थांबेनात, अंगातले पाणी कमी होऊ लागले, तर डॉक्टरांना कळवायचे. आणि शौचाला डांबरासारखे काळे झाले, किंवा उलटीत रक्त अथवा कॉफीच्या चोथ्यासारखे काही दिसले, तर गोळ्यांचा विचार सोडून थेट रुग्णालय गाठायचे. पोट दुखत नाही म्हणून स्वस्थ बसायचे नाही. सेंट मार्टिनचे पोटही दुखत नव्हते.

येथपर्यंतची गोष्ट पोटाची झाली. आता हिचा दुसरा अर्धा भाग सांगतो, आणि ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो हाच भाग.

प्रोस्टाग्लँडिनला नाव मिळण्याच्याही आधी, १९३० साली, न्यूयॉर्कच्या कुर्झरॉक आणि लीब या डॉक्टरांना असे आढळले होते की, पुरुषबीजाच्या द्रवात असे काहीतरी आहे, ज्याने गर्भाशयाचे स्नायू कधी आवळतात, कधी सैल पडतात. ते द्रव्य पुढे प्रोस्टाग्लँडिनच ठरले. पोटाचा हा पहारेकरी मुळात गर्भाशयाच्या दारावरही चाकरी करणारा आहे. मिसोप्रोस्टॉल पोटासाठी बनविले, तरी त्याला हे ठाऊक कसे असणार? ते रक्तात मिसळते आणि जिथे जिथे आपले काम दिसेल तिथे तिथे करू लागते. गरोदर स्त्रीच्या पोटात ते गेले की गर्भाशय आवळू लागते. गर्भपात होतो, अकाली प्रसूती होते, जीवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. पुढच्या महिन्यांत गर्भाशय फाटण्याचाही धोका असतो, विशेषतः आधी सिझेरियन झालेल्या स्त्रीला. आणि गर्भ टिकलाच, तर मुलाच्या कवटीत, चेहऱ्याच्या नसांत, हातापायांत व्यंग राहू शकते.

म्हणून पहिल्या दिवसापासून या औषधाच्या पुडीवर जी ताकीद छापली गेली, ती इतर औषधांवरच्या ताकिदीहून निराळी आहे. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला हे पोटासाठी द्यायचेच झाले, तर ती गरोदर नाही याची आधी तपासणी करून खात्री करायची. गर्भधारणा टाळण्याचा भरवशाचा उपाय ती करीत असली पाहिजे. आणि औषध सुरू करायचे ते पुढच्या पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी. अंगावर पाजणाऱ्या आईनेही डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे. आणि शेवटचे, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे वाक्य असे की, आपली गोळी दुसऱ्या कुणालाही देऊ नका.

हे वाक्य परदेशी कारखान्यातल्या कुणा कारकुनाने लिहिले असेल. पण ते जणू आपल्या घरांकडे पाहूनच लिहिले आहे असे मला वाटते. आपल्याकडे औषध ही एकाची वस्तू राहतच नाही. आजींच्या गुडघ्याची गोळी काकांच्या कंबरेला चालते, काकांची पित्ताची गोळी मुलांना चालते. काही देशांत तर वेदनाशामक आणि मिसोप्रोस्टॉल ही दोन्ही एकाच गोळीत घातलेली मिळतात, आणि तिच्याकडे पाहणाऱ्याला ती नुसती गुडघ्याची गोळी वाटते. अशा घरात पहिलटकरीण माहेरी आलेली आहे, तिला छातीत जळजळते आहे, आणि कुणीतरी मायेने म्हणते, "अगं, आईंची पोटाची गोळी आहे की, घे त्यातली एक." त्या शब्दांत मायेखेरीज दुसरे काही नाही, आणि धोका नेमका तिथेच आहे. गरोदरपणात जळजळ पुष्कळांना होते. तिच्यावर निर्धोक उपाय आहेत, आणि ते कोणते हे तिच्या डॉक्टरांनी सांगायचे.

एवढे वाचून कुणाला हे औषध विषासारखे वाटेल, तर तो त्याच्यावर अन्याय होईल. याच दुसऱ्या गुणाने त्याने जे काम केले, ते आपल्या शेजारीच झाले. बाळंतपणानंतर गर्भाशय आवळले नाही की रक्त वाहतच राहते, आणि खेड्यापाड्यांतल्या बाळंतिणींच्या मृत्यूचे हे एक फार मोठे कारण. त्यावरचे नेहमीचे औषध ऑक्सिटोसिन; पण ते सुईने टोचावे लागते आणि थंड जागी जपावे लागते. जिथे विजेचा भरवसा नाही आणि रात्री-अपरात्री परिचारिका एकटीच असते, तिथे करायचे काय? बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत, जिथे कानडी आणि मराठी दोन्ही भाषांतून बाळंतिणींची विचारपूस होते, २००२ ते २००५ या काळात १,६२० स्त्रियांवर याची कसोटी झाली. मूल जन्मून नाळ कापली की परिचारिका निम्म्या स्त्रियांना मिसोप्रोस्टॉल देई, उरलेल्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोकळ गोळी घेतलेल्यांत शेकडा १२ जणींना अतिरक्तस्राव झाला होता, औषध घेतलेल्यांत शेकडा ६.४ जणींना. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने, ऑक्सिटोसिन मिळत नसेल तिथे या कामासाठी, हे औषध अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले.

तेच द्रव्य, तोच गुण. नाळ कापल्यावर परिचारिकेच्या हातून मिळाले तर बाळंतीण वाचते. त्याआधी चार महिने अजाणतेपणी पोटात गेले तर घरावर दुःख कोसळते. स्त्रीरोगतज्ज्ञ आणखीही काही प्रसंगी ते वापरतात, पण तिथे मात्रा निराळी, देखरेख निराळी, आणि कायद्याचे बंधनही निराळे. पोटासाठी लिहून दिलेल्या गोळीवरून त्यांतला कुठलाच प्रयोग घरी करायचा नाही.

पोटाच्या कामावर मात्र मिसोप्रोस्टॉल आज फार क्वचित दिसते. १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स ब्लॅक यांच्या संशोधनातून निघालेले सिमेटिडिन आले, १९८८ मध्ये आम्लाचा झराच आटविणारे ओमेप्रझोल आले, आणि पोट राखण्याच्या कामी ते रोग्यांना अधिक मानवते असे पुढे दिसून आले. त्यातच १९८२ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी व्रणाच्या मुळाशी असणारा जंतू वाढवून दाखविला. तोही सणामुळे सापडला बरे का! ईस्टरच्या सुटीत तबकड्या नेहमीपेक्षा जास्त दिवस कपाटात राहिल्या, आणि त्यात तो सावकाश वाढणारा जंतू दिसू लागला. मार्शल यांनी १९८४ मध्ये स्वतःच तो पिऊन पोटाला सूज आणून दाखविली; २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज व्रण झाला तर डॉक्टर आधी दोन गोष्टी पाहतात : हा जंतू आहे का, आणि रोगी वेदनाशामके घेतो का.

या नव्या औषधांचाही हिशेब सुटलेला नाही. ओमेप्रझोलच्या जातीच्या गोळ्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या, आणि डॉक्टरांनी सांगितली तेवढीच मुदत घ्यायच्या. वर्षानुवर्षे विनाकारण घेतल्या, तर ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम कमी पडू शकते. दुधापासून मिसोप्रोस्टॉलपर्यंत आणि तिथून आजच्या कॅप्सुलांपर्यंत सगळ्यांची साक्ष एकच पडते. पोटाचा प्रत्येक राखणदार आपला पगार शरीराच्या दुसऱ्या कुठल्यातरी खात्यातून वसूल करतो. हा पगार आपण कशासाठी, किती दिवस आणि कुणाच्या अंगावर देतो आहोत, एवढे ठाऊक असले की त्याची भीती बाळगण्याचे कारण उरत नाही.

दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो, माळा काढतो, तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासतो. औषधांचा डबा मात्र आहे तसा जागेवर राहतो. यंदा तोही एकदा उघडावा, ही माझी वाचकांना विनंती आहे. मुदत संपलेल्या गोळ्या काढाव्यात. ज्यांचे नाव पुसले, त्या ओळखीच्या वाटल्या तरी काढाव्यात. उरलेल्या प्रत्येक पाकिटावर त्या कुणाच्या आणि कशासाठी, हे ठळक लिहावे. घरात कुणी वेदनाशामक रोज घेत असेल, तर त्यांच्या पोटाची काळजी कशी घ्यायची हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारावे. आणि घरात नवा पाहुणा येऊ घातला असेल, तर तो डबा वरच्या फळीवर ठेवून, गोळी देण्याची माया तेवढी आवरावी. लाडवाचा आग्रह मात्र खुशाल करावा.